सातव्या ठिकाणचा खुलासा

हवामानाचा अभ्यास करणारा माणूस आभाळाकडे बघतो, अशी कुणाची समजूत असेल तर त्यानं माझ्या साडूंना भेटायला हवं होतं. सबंध मराठवाड्यात खाली मान घालून हवामान बघणारा हा एकच शास्त्रज्ञ झाला. पस्तीस वर्षं नोकरी केली, पण ढगांशी त्यांची साधी तोंडओळखसुद्धा नव्हती. लग्नाच्या पंगतीत शेजारचा पाव्हणा अदबीनं विचारायचा, "साहेब, औंदा पाऊस कसा काय म्हणतो?" आणि साडू भातात वरण कालवत शांतपणे सांगायचे, "वरचं माझ्याकडं नाही. पाऊस जमिनीला टेकला की तिथून पुढं मला विचारा." पाव्हण्याला वाटायचं, साहेबाला शिंगं फुटली. पण ते बिचारे खरं तेच सांगत. त्यांचा विषय मातीतली ओल. किती आहे, किती खोल आहे, किती दिवस टिकेल, आणि हे सगळं त्या मातीला हात न लावता, कुठल्या कुठं फिरणाऱ्या उपग्रहाकडून कसं काढून घ्यायचं, ह्यात त्यांनी जन्म घालवला. त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी; थोरली त्यांच्याकडे, धाकटी माझ्याकडे. मी शाळेत मराठी शिकवायचो. आमचं दोघांचं जमावं असं एकही कारण नव्हतं. फक्त माझ्याकडे मोटारसायकल होती आणि त्यांना ती चालवता येत नव्हती. तेवढ्यावर आमचा पंचवीस वर्षांचा स्नेह उभा आहे.

ते मूळचे पिंगळीचे. घर कोरडवाहू. पेरणीआधी त्यांचे वडील रानात वीतभर उकरायचे आणि माती मुठीत दाबून बघायचे. गोळा वळला आणि खाली सोडल्यावर फुटला तर तिफण जोडायची, नाहीतर बैल परत गोठ्यात. एका साली शेजाऱ्याचं बघून त्यांनी मूठ न बघताच पेरलं आणि सगळं बी जागच्या जागी करपलं. हे साडूंनी मला उभ्या आयुष्यात एकदाच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर लगेच विषय बदलला. पुढे ते विद्यापीठात शेतीचं हवामानशास्त्र शिकले आणि तिथंच चिकटले. सुरुवातीची वर्षं वेधशाळेत गेली. तिथं उघड्यावर पाण्यानं भरलेलं एक मोठं गोल भांडं असतं. दिवसभरात किती पाण्याची वाफ झाली ते त्यातून मोजतात. एक कावळा रोज त्यात चोच घालायला यायचा. दुसऱ्या कुणी त्याला हाड्‌हूड्‌ केलं असतं. ह्यांनी बाजूला वाटी ठेवून तीन दिवस कावळ्याचा घोट मोजला आणि नोंदवहीत 'कावळा वजा' असा नवा रकाना आखला. वरिष्ठांनी भांड्यावर जाळी बसवायला लावली तेव्हा ते खट्टू झाले. मला म्हणाले, "हिशेब बसला होता हो त्याचा."

अशा माणसाच्या हातांना स्वस्थ बसणं माहीत नसतं. कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी त्यांचं बोट कुंडीत जायचं. आमच्या तुळशीला पाणी घालायचं राहिलं हे माझ्या बायकोला त्यांच्या चेहऱ्यावरून कळे. घरी जेवायला बसले की परातीतल्या पिठाचा गोळा दोन बोटांनी दाबून ते थोरल्या मेहुणीबाईंना, म्हणजे आमच्या अक्कांना, सांगायचे, "अजून चमचाभर पाणी लागतंय." अक्कांनी लग्नानंतरची पहिली पाच वर्षं हे ऐकून घेतलं. सहाव्या वर्षी त्यांनी परात उचलून नवऱ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "घ्या, थापा." त्या दिवशीची भाकरी चार ठिकाणी फाटली. पिठाच्या ओलीबद्दल त्यांचा निष्कर्ष मात्र बरोबर होता, हे ते अजून सांगतात.

त्यांचा उपग्रह दर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी सहाच्या सुमारास आपल्या भागावरून जायचा, आणि ती वेळ म्हणजे त्यांची संध्या. लेकीच्या लग्नाची बैठक बसली तेव्हा भटजींनी पंचांग काढलं आणि ह्यांनी उपग्रहाचं वेळापत्रक काढलं. मुहूर्त निघाला गोरज, सहा वाजून काही मिनिटं. "त्या वेळेला मला जमणार नाही," मुलीचा बाप म्हणाला. मुलाचा मामा उठायच्या बेतात होता. अक्कांनी डोळे वटारले म्हणून लग्न ठरलं, पण लग्नाच्या दिवशी मंगलाष्टकं सुरू झाली आणि मुलीचा बाप गायब. मी कार्यालयाच्या मागे गेलो तर तिथल्या नांगरलेल्या पट्ट्यात सोवळं खोचून हे उकिडवे बसलेले, हातात माती भरायच्या ॲल्युमिनियमच्या डब्या. ओढत आणलं तेव्हा शेवटचं 'सावधान' चाललं होतं. घाईत त्यांनी अक्षता टाकल्या त्या कुठल्या मुठीतून टाकल्या हे बघितलं नाही. जावयाच्या फेट्यावर ओल्या काळ्या मातीचं ढेकूळ पडलं. जावई चांगला निघाला. त्यानं ते शुभ मानलं.

ह्या डब्यांनी माझ्या घरातही एकदा धुमाकूळ घातला. डबीतली माती ओली असताना तोलायची, चोवीस तास भट्टीत वाळवायची, पुन्हा तोलायची; वजनात जेवढी घट तेवढी ओल. एकदा त्यांच्या प्रयोगशाळेतली भट्टी बंद पडली आणि साडू बारा डब्या घेऊन माझ्या दारात उभे. आमच्याकडे नवा ओव्हन आला होता आणि त्या दिवशी माझ्या मुलीचा वाढदिवस होता. "फक्त उद्यापर्यंत," ते म्हणाले. केकचं पीठ फ्रिजमध्ये गेलं, माती ओव्हनमध्ये गेली, आणि वाढदिवस दुसऱ्या दिवशी साजरा झाला. केकला उन्हाळ्यातल्या रानाचा वास येत होता. सगळी पोरं नाक मुरडत असताना साडूंनी दोन तुकडे मागून घेतले.

पुढे डब्या कमी झाल्या आणि यंत्रं आली. जिल्ह्यात सात ठिकाणी, सात जणांच्या शेतांत, त्यांनी एकेक खांब रोवला. खांबावर सूर्यप्रकाशावर चालणारी छोटी पाटी आणि डबा, आणि खांबाच्या मुळाशी चार बोटं खोल पुरलेलं ओल मोजायचं यंत्र. बॅटरी वाचावी म्हणून ते दिवसातून एकदाच, संध्याकाळी सहाला, आकडा टिपून ठेवी. उपग्रह वरून सांगणार ओल किती, यंत्र खालून सांगणार ओल किती, आणि साडूंचं मॉडेल, म्हणजे गणितांचं एक भलंमोठं भेंडोळं, दोघांची गाठ घालून देणार. गाठ पक्की बसली की मग यंत्राची गरज नाही. गावोगावच्या शेतकऱ्याला नुसत्या उपग्रहावरून सांगता येईल की बाबा, तुझ्या रानात आता पेरण्याएवढी ओल आहे किंवा नाही. एवढ्यासाठी त्यांचा जीव चालला होता.

सातवं ठिकाण राणीसावरगावच्या बाजूला, गंगाखेडच्या पुढं. माळरान, मुरमाड जमीन, पाणी पडलं की पळून जाणारी. शेत एका म्हाताऱ्या बाईंचं. नवरा कधीच गेलेला, मुलगा-सून मजुरीला, आणि ह्या दिवसभर पाच-सात शेळ्या घेऊन रानात. आम्ही त्यांना आजी म्हणायचो. तिथं जायचं म्हणजे दुपारी जेवून निघायचं, माझ्या मागं साडू आणि साडूंच्या मागं पेटी, आणि संध्याकाळच्या सहाच्या आत पोचायचं. पोचल्यावर एक ठरलेला सोहळा असे. पायाखाली माती दबू नये म्हणून साडू खांबापासून दहा पावलांवर चपला काढत. मलाही काढायला लावत. मग खांबापुढं मांडी घालून बसत, चिमूटभर माती नाकाशी नेत, डोळे मिटून हुंगत, आणि मग डबा उघडून आकडे बघत. पहिल्या साली ते आधी आजींना विचारायचे, "आजी, ओल आहे का?" आजी म्हणायच्या, "कुटली ओल, सायेब. पार वाळून कोळ झालंय." आणि ह्यांचं तोंड एवढंसं व्हायचं. ते काही मॉडेलसाठी नसे. मॉडेलला कोरडं रानही चालत होतं. पण पिंगळीच्या कोरडवाहू माणसाला वाळलेलं रान बघून जे होतं ते ह्यांना पन्नाशीतही होत असे.

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी भानगड सुरू झाली. सहा ठिकाणी उपग्रह आणि यंत्र एका सुरात बोलायचे. सातव्या ठिकाणी उपग्रह म्हणे ठणठणीत कोरडं आणि यंत्र म्हणे ओलं. तेही भर वैशाखात. साडूंनी यंत्र बदललं. नवं यंत्रही तेच म्हणालं. ते बदलताना उकरून बघितलं तर माती खरोखर ओली. "आजी, ओल आहे का?" असं विचारलं तर आजी आता हसून सांगायच्या, "हाय की सायेब, लय हाय!" आणि साडूंचं तोंड आधी उतरायचं त्याच्या दुप्पट उतरायचं. पुढे एका साली तफावत आणखी वाढली. त्यांनी पुस्तकं धुंडाळली, नकाशे पसरले आणि खाली एखादा झरा असावा असा तर्क काढला. हा तर्क त्यांनी चहा पिताना मोठ्यांदा बोलून दाखवला ही चूक झाली. पुढच्या खेपेला गावातली चार मंडळी एका पाणाड्याला घेऊन शेतात हजर. पाणाड्यानं तळहातावर नारळ आडवा धरला, खांबाभोवती दोन फेऱ्या मारल्या, नारळ टाणकन उभा राहिला आणि पाणाड्या म्हणाला, "साहेबाचं शास्त्र खरं हाय." बोअरची गाडी बोलवायचं चाललं होतं. साडूंनी हातापाया पडून ती थांबवली. विज्ञानाला आयुष्यात पहिल्यांदा पाठिंबा मिळाला आणि तोही नारळाचा, असं मी म्हणालो तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

नोकरीचं शेवटचं वर्ष आलं. अकरा वर्षांचं काम एका लेखात घालून त्यांनी ते परदेशातल्या एका नियतकालिकाला पाठवलं. तिथल्या तपासणाऱ्याचं उत्तर आलं: काम उत्तम आहे, परंतु सातव्या ठिकाणचा खुलासा करावा. त्या एका ओळीनं माणूस खचला. त्यांचा एक तरुण सहकारी, मनाचा चांगला, म्हणाला, "सर, सहा ठिकाणं भरपूर झाली. सातवं गाळून टाका. कोण विचारायलंय?" साडू त्याला म्हणाले, "सात साक्षीदारांतला एक उलटा बोलायलाय म्हणून त्याला बाहेर काढायचं? आणि तोच खरा असला तर?" मग घरी येऊन माझ्यापाशी मन मोकळं केलं. म्हणाले, "मास्तर, मुरमाड माळावर माझं मॉडेल खोटं पडत असंल आणि माझ्या आकड्यावर भरवसा ठेवून कुणी तिफण धरली, तर ते बी कुणाच्या नावावर? मला खुलासा देता येत नाही. मी लेख मागं घेतो. मॉडेलही कुणाला वापरू देणार नाही." मागं घेण्याचं पत्र त्यांनी लिहूनही ठेवलं. इंग्रजीतलं ते पत्र त्यांनी मला मराठीत वाचून दाखवलं. अक्का माझ्या बायकोला फोनवर म्हणाल्या, "जेवायलेत गं, पण पुढ्यात काय हाय ते कळंना त्यांना. पीठ घट्ट झालं तरी बोलंनात." बहीण रडायला लागली म्हणून इकडे हीही रडायला लागली. मला खरंच काळजी वाटली. चेष्टेचा विषय गंभीर झाला की चेष्टा करणाऱ्याचे हाल विचारू नयेत.

पत्र सोमवारी जायचं होतं. शनिवारी साडू म्हणाले, "एकदा त्या साक्षीदाराजवळ अख्खा दिवस बसायचं. उजाडल्यापासून. नुसतं बघायचं." राणीसावरगावात माझा एक जुना विद्यार्थी आहे, त्याच्याकडे मुक्काम केला आणि रविवारी उजाडता उजाडता शेतावर गेलो. इतक्या वर्षांत आम्ही तिथं सकाळ कधी बघितलीच नव्हती. बांधावरच्या लिंबाखाली बसलो. साडू खांबाकडे टक लावून, मी चहाच्या विचारात. सूर्य वर आला. शेळ्यांची घंटी वाजली. आजी आल्या, शेळ्या पलीकडे लावल्या, डोक्यावरची घागर उतरवली, तांब्या भरला, चपला काढल्या आणि सावकाश चालत जाऊन तो तांब्या खांबाच्या मुळाशी रिकामा केला. मग परत गेल्या आणि दुसरा तांब्या आणला.

साडूंनी माझं मनगट असं धरलं की बोटांचे वळ उठले. "मास्तर, तुमी बघितलं का? का मलाच दिसलं?" आणि उत्तराची वाट न बघता हा साठीला आलेला माणूस अनवाणी ढेकळांतून पळत सुटला. "आजी! आजी, हे काय करायलात?"

आजी दचकल्या. पदर पुढं ओढला. क्षणभर त्या साडूंच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "देवाला पानी घालायलेय, सायेब."

"कोणत्या देवाला?"

"ह्योच की. तुमी न्हाई का पायतान काढून येता. म्होरं बसता, डोळे मिटता."

साडू तिथंच त्या ओल्या मातीत बसले. आधी हसायला लागले आणि मग हसता हसता रडायला लागले, आणि आजी घाबरून मला म्हणाल्या, "सायेबाला काय झालं ओ?" मी म्हणालो, "काही नाही, बरं वाटायलंय त्यांना." मलाही बरं वाटत होतं. छातीवरून जातं उतरवल्यासारखं वाटत होतं. साडूंनी डोळे पुसले, वही काढली आणि आजींची उलटतपासणी सुरू केली. कधीपासून? तर काळी शेळी पहिल्यांदा व्याली त्या सालापासून. किती? आधी एक तांब्या. दोन कधी झाले? धाकट्या नातवाचं जावळ काढलं त्या साली. साडूंनी मोबाईलवर आलेख उघडला. शेळी व्याली तिथून रेघ फिरली होती आणि जावळाच्या साली ती पुन्हा उचलली होती. तांब्याचं माप घेतलं, ओल्या जागेचं माप घेतलं, गुणाकार-भागाकार केले, आणि मुरमाड माळावरचं त्यांचं मॉडेल बावनकशी खरं ठरलं. महिनाभर पाणी घालू नका, अशी त्यांनी आजींना हात जोडून विनंती केली. आजी लगेच म्हणाल्या, "बरं. न्हाई घालत." महिन्यानंतर यंत्र आणि उपग्रह एका सुरात बोलायला लागले.

खुलासा गेला. 'सातव्या ठिकाणी स्थानिक श्रद्धेपोटी यंत्रास रोज पाणी घातले जात होते,' असं एक वाक्य त्यांनी लेखात घातलं आणि लेख स्वीकारला गेला. सगळ्या विभागात पेढे वाटले. अक्कांचा फोन आला, "आज म्हणले पीठ घट्ट झालंय!" आणि दोघी बहिणी पुन्हा रडल्या, ह्या वेळी आनंदानं. साडू त्या रात्री दहा तास झोपले म्हणे. पावसाळ्याआधी त्यांच्या मॉडेलवरून पहिला सल्ला गावोगावी गेला. तो बरोबर आला. वडिलांबद्दल ते काही बोलले नाहीत, पण त्या आठवड्यात मला पिंगळीला घेऊन चला म्हणाले आणि घरच्या बांधावर उगाच तासभर बसून राहिले.

निवृत्तीच्या महिन्यात सगळे खांब उपटायचे ठरले. शेवटी सातवा. साडू पाना घेऊन खांबाशी झटत होते. मी आजींशेजारी लिंबाखाली. माझ्या मनात एक शंका बरेच दिवस होती. तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला कारण सांगणारं तोंड आणि खरं कारण ह्यातला फरक थोडाफार कळतो. देव म्हणावा तर खांबाला कधी हळदीकुंकवाचं बोट नव्हतं, फूल नव्हतं, नारळ आला तो पाणाड्याचाच, तोही न फोडलेला. आणि देवाचं पाणी असं एका शब्दात कोण बंद करतं?

मी विचारलं, "आजी, खरंच देव वाटला होता का तुम्हाला तो?"

आजी शेळीच्या पाठीवरचं गोचीड काढत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "देव कशाचा ओ मास्तर. यंतर हाय. त्यात बॅटरी ऱ्हाती, म्या का बघितली न्हाई का? माज्या नातवाच्या मोबाईलात बी असती."

"मग पाणी कशाला?"

"त्या मानसाचं तोंड बघवंना म्हून," आजी म्हणाल्या. "येवढ्या लांबून यायचा. पोरावानी मांडी घालून बसायचा. ओल हाय का आजी? म्या न्हाई म्हनलं की पार कोमेजून जायचा. म्हनलं, तांब्याभर पान्यानं काय जातंय आपलं. घातलं. तर आनखीच तोंड उतरायलं त्याचं. म्हनलं, कमी पडायलंय जनू. मग दोन घालायला लागले."

"पण मग देवाला घालते असं का सांगितलंत?"

आजींनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आवो, येवढा शिकला-सवरलेला मानूस. तुमची कीव आली म्हून घातलं, आसं कसं सांगावं त्याला? देवाचं नाव घेतलं म्हंजी कुनी कुनाला काय म्हनत न्हाई."

खांब मोटारसायकलला बांधून आम्ही निघालो. साडू मागं बसून खुशीत होते. सांगावं की सांगू नये, हे मला ठरवता येईना. पण ज्या माणसानं एक साक्षीदार लपवायला नकार दिला त्याच्यापासून साक्ष लपवायची कशी? रस्त्यात एका झाडाखाली गाडी लावली आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी गाडीला बांधलेल्या खांबावरची वाळलेली माती नखानं खरवडली. मग हलक्या आवाजात म्हणाले, "म्हणजे ओल वाढली की माझं तोंड उतरायचं, आणि माझं तोंड उतरलं की ती पाणी वाढवायची." वहीत असतं तर त्यांनी ह्याचं समीकरण मांडलं असतं. "अकरा वर्षं मी मातीकडं बघायलोय, मास्तर. आणि ती बाई माझ्याकडं."

मग त्यांना एकदम आठवलं. "ते वाक्य चुकलं की! श्रद्धेपोटी नव्हतं ते. दुरुस्ती पाठवावी लागंल."

"पाठवा."

"काय लिहू?" त्यांनी मला विचारलं. चेष्टा नव्हती. "तुमी भाषेचे मास्तर. सातव्या ठिकाणी यंत्रास रोज पाणी घातले जात होते, ह्याच्या अलीकडं एक शब्द पाहिजे. कारण काय लिहू?"

मी गंगाखेडपर्यंत विचार केला. दया म्हणावं तर आजी कुठं वरच्या पायरीवर उभ्या होत्या? माया म्हणावं तर परक्या माणसाची वर्षाकाठी आठ-दहा वेळा भेट. शेकडो निबंध तपासलेल्या माझ्या हाताला तो शब्द सापडला नाही. साडू मागून वाट बघत होते.

आता ते लेकीकडे पुण्याला असतात. दुरुस्ती अजून गेलेली नाही. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचा फोन येतो, "सुचलं का?" मी म्हणतो, बघतो. मागच्या महिन्यात त्या विद्यार्थ्याच्या घरी कार्य होतं म्हणून राणीसावरगावला गेलो, तेव्हा आजी वाटेत भेटल्या. डोळ्यांना आता कमी दिसतं. आवाजावरून मला ओळखलं आणि रामराम वगैरे काही नाही, पहिलंच विचारलं, "सायेब हासतेत का आता?"

"हसतात आजी," मी म्हणालो.

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या आणि शेळ्यांमागं निघून गेल्या.

त्या संध्याकाळी मी साडूंना फोन करून हे सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, मी हसतो हे खोटं नाही ना सांगितलंत तिला?" आणि मी नाही म्हणालो तेव्हा त्यांनी पुन्हा एकदा विचारलं.